तिसरी गोळी

फर्गसने रायफल आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली, तेव्हा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी भेंडी चिरत होते. त्याने आधी ती उघडून रिकामी असल्याचं ह्यांना दाखवलं, मग मलाही दाखवलं, आणि मगच खाली ठेवली. मी भेंडी, पाट आणि सुरी उचलून ओट्यापाशी गेले. ह्यांना कळायचं ते कळलं.

"तासाभराचं काम आहे," हे मराठीत म्हणाले.

ते काम अडीच महिने चाललं.

हे म्हणजे माझे यजमान, मुरलीधर वैशंपायन. ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात ह्यांनी एकतीस वर्षं कृत्रिम पाय तयार केले. काम शिकले पुण्याला, लष्कराच्या केंद्रात, आणि त्र्याहत्तर साली इथे आले. वैशंपायन हे नाव इथल्या कुणाच्याच तोंडात बसेना, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांचं मिस्टर व्ही झालं ते कायमचं. कापल्यानंतर उरलेला पाय ज्या पेल्यात बसतो त्याला सॉकेट म्हणतात. तो पेला नीट बसणं हेच ह्या कामातलं खरं कसब. पेल्याच्या खालचा पाय काय कुणीही लावेल, असं हे म्हणायचे. पेला कुठे टोचतोय हे बघायला हे आतून लिपस्टिक लावत, पेशंटला उभं करत, आणि लाल डाग कुठे उमटला ते पाहून तेवढीच जागा घासत. लग्नानंतर पहिल्यांदा कोटाच्या खिशात मला ती लिपस्टिक सापडली तेव्हा मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नव्हते.

फर्गस मॅकफी त्यांचा पेशंट. डोंगरातल्या टिंड्रम गावाच्या पलीकडच्या एका इस्टेटीवर तो हरणांचं काम बघतो. शिकारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसा तो नाही. डोंगरावरची हरणं राखायची, आणि दर हिवाळ्यात ठरवून दिली असतील तितकी मारायची, ही त्याची नोकरी. मारली नाहीत तर कळप वाढतो, मार्चपर्यंत गवत संपतं आणि निम्मी उपाशी मरतात. अठ्ठ्याण्णव साली डोंगरउतारावर त्याची चारचाकी मोटारबाईक उलटली आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढच्या वर्षी ह्यांनी त्याला पाय करून दिला. त्या पायावर तो पुन्हा डोंगर चढायला लागला, तेव्हा ह्यांना त्याने एक पोस्टकार्ड पाठवलं होतं. त्यावर फक्त शिखराचं नाव आणि तारीख होती. ते हॉस्पिटलातल्या ह्यांच्या बाकावर वर्षानुवर्षं चिकटवलेलं होतं.

दोन हजार चार साली हे निवृत्त झाले. खरं तर मुदतीच्या वर्षभर आधीच सोडून आले. तिथे पाय मोजायला मशीन आलं होतं. प्लॅस्टरचा साचा नको, हात नको, उजेडाचा एक पट्टा पायावरून फिरवायचा की कॉम्प्युटरवर आकार तयार. ह्यांनी दोन वर्षं वाद घातला, पत्रं लिहिली, मीटिंगांत उठून बोलले, आणि मग एके दिवशी किल्ल्या देऊन घरी आले. त्यानंतर वर्षभर हे घरात होते, पण असून नसल्यासारखे. माझ्या कपाटांचे दरवाजे घट्ट करायचे, सैल करायचे, पुन्हा घट्ट करायचे. पुढच्या एप्रिलात, एका रविवारी, फर्गस ती रायफल घेऊन आला.

त्याची आधीची रायफल वडिलांच्या वेळची, जड. पाय गेल्यावर तेवढं ओझं घेऊन चढणं जमेना, म्हणून त्याने ही हलकी घेतली. हलकी बंदूक खांद्याला मारते फार, आणि तिचा नेम टिकत नाही. पहिल्या दोन गोळ्या बरोबर जात, तिसरी कुठेही. जानेवारीत, बर्फात, त्याने एका हरणीवर नेम धरला. नेमकं कुठे लागलं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रक्ताचा माग काढत तो दोन दिवस हिंडला. ती सापडली नाही.

ही गोष्ट त्याने इस्टेटीच्या मॅनेजरला स्वतःच सांगितली. नसतं सांगितलं तर कुणाला कळणारही नव्हतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याने अट घातली. जूनअखेर, जमिनीवर पालथं पडून, शंभर यार्डांवरून नऊ गोळ्या. नऊच्या नऊ तळहाताएवढ्या वर्तुळात बसल्या पाहिजेत. नाहीतर जुलैपासून डोंगरावर दुसरा माणूस. आणि घर नोकरीबरोबरचं होतं. फर्गसची बायको मोरॅग त्या घरात सत्तावीस वर्षं राहत होती.

बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे तो गेला होता. त्या माणसाने सांगितलं, हलकी अशीच असते, जड घे.

"मग मला तुम्ही आठवलात, मिस्टर व्ही," फर्गस म्हणाला. तो अर्थातच इंग्रजीत बोलायचा, तेही डोंगरातल्या इंग्रजीत. मी माझ्या भाषेत सांगते आहे. "न बसणारी वस्तू बसवायची हे तुमचंच काम."

ह्यांनी बंदुकीला हात लावला नाही. आधी विचारलं, अशी जखमी झालेली हरणी किती दिवस काढते. फर्गस खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, कधी एक दिवस. कधी आठवडा.

त्यावर ह्यांनी चष्मा लावला.

इथला कायदा असा, की ज्याच्या नावावर परवाना त्याच्याच ताब्यात बंदूक राहायला हवी. लाकडी दस्ता तेवढा दुसऱ्याच्या घरी राहिलेला चालतो, लोखंड नाही. त्यामुळे दर रविवारी फर्गस साठ मैल गाडी चालवत यायचा, हे दोन पेच काढून नळी आणि दस्ता वेगळा करायचे, काम करायचे, आणि संध्याकाळी फर्गस लोखंड कुलपात घालून परत न्यायचा. दस्ता आमच्या गॅरेजमध्ये राहायचा.

आमची मुलगी ऋजुता मँचेस्टरला सॉलिसिटर आहे. तिला फोनवर हे सांगितलं तर तिने पहिल्यांदा परवान्याचं विचारलं. मी सांगितलं, सगळं नियमाप्रमाणे आहे.

"पण आई, बाबाला चालतो हे?" ती म्हणाली. "आपल्या घरात तर अंडा पण वेगळा भांड्यात करतात."

तिच्या मराठीत भांडं, अंडं, बंदूक सगळेच पुरुष. पण प्रश्न बरोबर होता आणि माझाही तोच होता. मी तो ह्यांना जेवताना विचारला. हे बराच वेळ भात कालवत राहिले.

"फर्गस मारणारच आहे," हे शेवटी म्हणाले. "मी नाही म्हटल्याने एकही हरीण वाचणार नाही. ते चटकन मरेल की आठवडाभर मरत राहील, एवढंच माझ्याकडे आलंय."

मला ते पुरेसं वाटलं नाही. ह्यांनाही वाटलं नसावं, कारण त्या दिवशी ताक न घेताच उठले.

कामाला मात्र हे लागले ते पूर्वीसारखे. पहिल्या रविवारी ह्यांनी माझ्याकडे लिपस्टिक मागितली. मी आता ती वापरत नाही, म्हणून दुकानातून आणून दिली. ती त्यांनी रायफलच्या लोखंडाला खालून लावली, लोखंड दस्त्यात बसवलं, पेच आवळले, पुन्हा काढलं. लाकडात दोनच ठिकाणी लाल उमटलं होतं. बाकी सगळं लोखंड हवेत. शिवाय पुढे, जिथे नळी लाकडाला लागायलाच नको, तिथे एका कडेला लांब लाल रेघ. नळी तापली की त्या बाजूने लाकूड तिला ढकलायचं. तिसरी गोळी तिथून भरकटत होती.

ह्यांनी मला बोलावून दाखवलं. "बघ, ह्याला पाय टेकायला जागाच नाही. लंगडतंय बिचारं."

त्यांनी ती कड घासली. रोज थोडी, चहाच्या गाळणीतून पडेल इतका बारीक भुसा निघेल एवढीच. मग रविवारी लोखंड बसवून बेकिंगच्या कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामधून अडखळल्याशिवाय सरकेपर्यंत थांबले नाहीत. लोखंड जिथे बसायचं तिथे राळ ओतली, तीच जी हे सॉकेटला वापरायचे. चिकटू नये म्हणून लोखंडाला मेण चोळलं, आणि फर्गस समोर बसून पेपर वाचत असताना तासन् तास ती वाळू दिली. लोखंड उचललं तेव्हा खाली त्याचा हुबेहूब ठसा होता, एखाद्या पावलाचा ओल्या मातीत असावा तसा.

राहिला धक्का. दस्त्यात शिसं भरलं की धक्का कमी होतो, पण वजन वाढतं, आणि फर्गसला पावशेरसुद्धा चालणार नव्हतं. "जोर कमी करता येत नसेल तर पसरवावा," हे म्हणायचे. पायाच्या कामातही हेच करायचे ते. दस्त्याचं खांद्याला लागणारं टोक अरुंद होतं. ह्यांनी फर्गसला त्याचा डोंगरावरचा जाड कोट घालून उभं केलं, खांद्यावर मऊ माती दाबून ठसा घेतला, आणि त्याबरहुकूम रुंद, मऊ रबराची गादी करून बसवली. फर्गस दस्ता खांद्याला लावून डोळे मिटून उभा राहिला. म्हणाला, हे माझ्यासाठीच जन्माला आल्यासारखं वाटतंय. हे हसले. वर्षभरात पहिल्यांदा मी ह्यांना तसं हसताना पाहिलं.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर हे लांबवर गाडी चालवत नाहीत, म्हणून मी चालवली. इस्टेटीवर दगडाची एक जुनी खाण आहे, तिथे निशाणाचा कागद लावला होता. आवाज लागू नये म्हणून फर्गसने आम्हाला कानांवर लावायला झाकणं दिली. आधी तो स्टुलावर बसून, समोर टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, तिच्यावर रायफल टेकवून झाडू लागला. तीन गोळ्या. मग तो जाऊन कागद घेऊन आला. तिन्ही भोकं माझ्या कुंकवाच्या करंड्याच्या झाकणाखाली मावली असती. ह्यांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

मग फर्गस जमिनीवर पालथा झाला, कारण परीक्षा तशीच होती आणि डोंगरावरही तसंच पडायला लागतं. पहिली बरोबर. दुसरी बरोबर. तिसरी वीतभर डावीकडे.

पुन्हा तीन. पुन्हा तिसरी डावीकडे.

फर्गसच्या मानेवर घाम आला होता, आणि दिवस तर गार होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता रायफल उघडायला मागतील. पण हे निशाणाकडे बघतच नव्हते, रायफलकडेही नाही. फर्गसच्या मागे उभे राहून हे त्याच्या डाव्या पायाकडे बघत होते.

"अजून तीन," हे म्हणाले.

फर्गसने झाडल्या. तिसरीच्या आधी, चाप दाबायच्या अगदी आधी, त्याची डावी मांडी थरथरली आणि बुटाचं टोक जमिनीत रुतलं. मलाही दिसलं ते.

हे खाली गुडघ्यावर बसले. "मोजे किती घालतोस?"

उरलेला पाय सॉकेटमध्ये सैल व्हायला लागला की लोकरीचे मोजे एकावर एक चढवतात. एक असतो, फार तर दोन.

फर्गसने मान वळवून वर पाहिलं. मग म्हणाला, "सात."

ह्यांनी त्याला उठून बसायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने पाय सोडवला. एकेक मोजा काढून गवतावर ठेवला. सात झाले. गुडघ्यामागे आणि नडगीच्या टोकाला कातडी सोलवटून ओली झाली होती. मी तोंड फिरवलं, मग तसं करणं बरं वाटेना म्हणून पुन्हा पाहिलं. पालथं पडलं की सॉकेटची कड नेमकी तिथे चावत होती, आणि बंदुकीचा धक्का अंगातून तिथपर्यंत पोचत होता. बसून झाडताना पाय मोकळा, म्हणून काही नाही. पडून पहिल्या दोन तो दात खाऊन सोसायचा. तिसरीला त्याचं अंग आधीच आक्रसायचं.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"दोन वर्षं. थोडं जास्त."

"मग दाखवायला का गेला नाहीस?"

फर्गस मोजे गोळा करत होता. "तुम्ही केलेला पाय आहे, मिस्टर व्ही," तो म्हणाला. "मला वाटलं, चूक असेल तर माझ्यात."

परतताना लॉखच्या, म्हणजे तिथल्या लांबट सरोवराच्या, कडेने अर्धा तास गेला. मग हे म्हणाले, चूक रायफलची होती ती आपण काढली, पण खरी ती नव्हतीच. मी म्हटलं, फर्गसचीही नाही, बिचाऱ्याची. पाय वर्षागणिक आटतो, हे तुम्हीच एकतीस वर्षं मला सांगत आलात.

"आटतो. म्हणून वर्षातून एकदा पेशंटला बोलवायचं असतं." हे समोर काचेतून रस्ता बघत होते. "शेवटची दोन वर्षं मी त्याला बोलावलंच नाही, सुप्रभा. त्यालाच काय, कितीजणांना नाही. मी मशीनविरुद्ध पत्रं लिहीत होतो."

मी वेग थोडा कमी केला.

सोमवारी सकाळी ह्यांनी हॉस्पिटलात साराला फोन केला. सारा ह्यांच्याच हाताखाली शिकलेली, आता त्यांच्या जागेवर. निरोपसमारंभानंतर हे तिथे एकदाही गेले नव्हते, तिचं ख्रिसमसकार्ड आलं त्याला उत्तरही दिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. ह्यांनी हवापाण्याचं काही विचारलं नाही. सरळ सांगितलं, माझा एक सॉकेट चुकीचा झालाय, माणसाला जखम आहे, आणि ह्यात माझा निष्काळजीपणा आहे. पलीकडून तिने काय म्हटलं ते मला कळलं नाही. हे "थँक यू" म्हणाले आणि फोन ठेवल्यावरही तिथेच उभे राहिले.

गुरुवारी कुणाचीतरी वेळ रद्द झाली होती ती तिने फर्गसला दिली. हेही गेले. पाहुण्यांचा बिल्ला लावून भिंतीपाशी उभे राहिले, असं फर्गसने नंतर मला सांगितलं. साराने तो उजेडाचा पट्टा पायावरून फिरवला, पडद्यावर आकार आला. तिने ह्यांना विचारलं, तुम्ही एकदा हात लावून बघता का? ह्यांनी हात धुतले, पाय दोन्ही तळव्यांत धरला, अंगठ्याने हाड चाचपलं, मग पडदा पाहिला. पुन्हा पाय, पुन्हा पडदा. मग हे म्हणाले, बरोबर आहे.

घरी आल्यावर ह्यांनी मला एवढंच सांगितलं, "मी चूक शोधत होतो. नव्हती." आणि बागेत जाऊन गुलाबाच्या कडेची माती उकरत बसले. मी चहा तिथेच नेऊन दिला.

नवा सॉकेट दहा दिवसांत आला. जखम भरायला थोडे दिवस गेले. जूनच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी फोन वाजला, मी उचलला. फर्गस म्हणाला, मिस्टर व्हींना सांगा, नऊ. मी विचारलं, नऊपैकी नऊ? तो हो म्हणाला. मॅनेजरने कागद पाहिला, स्वतःच्या खिशात घातला आणि बागेच्या कुंपणाचं काहीतरी बोलू लागला. जुलैत दुसरा माणूस आला नाही. ह्या गोष्टीला चार वर्षं झाली. फर्गस अजून डोंगरावर जातो आणि मोरॅग त्याच घरात आहे. आणि हे दर बुधवारी हॉस्पिटलात जातात, बिल्ला लावून, बिनपगारी. जुन्या पेशंटांना फोन करून बोलवायचं काम साराने त्यांना दिलं आहे. यादी लांब होती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरातलं. हरणींचा मोसम सुरू झाला होता. फर्गसने ह्यांना विचारलं, एकदा बरोबर येता का. हे हो म्हणतील असं मला वाटलं नव्हतं. मी नेऊन सोडलं आणि मोरॅगपाशी थांबले. ती चहाबरोबरचे स्कोन भाजत होती, मी तिला ह्यांच्या पथ्याचं सांगत होते, आणि मध्येच लांबवर एक आवाज झाला. एकच. आम्ही दोघी थांबलो. दुसरा आला नाही. मोरॅगने भट्टीचं दार उघडून ट्रे फिरवला.

वर काय झालं ते ह्यांनी मला पुढच्या काही दिवसांत तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. हे मागे एका खडकाआड बसले होते. फर्गस ओल्या गवतातून सरपटत पुढे गेला आणि पाऊण तास हललाच नाही. हरणी म्हातारी होती, दात झिजलेले, हा हिवाळा तिला निघाला नसता. गोळी सुटली आणि ती उभ्या जागी खाली बसली. फर्गसने जाऊन तिच्या डोळ्याला बोट लावून पाहिलं, मग ह्यांना हात केला. हे गेले. तिच्या अंगातून वाफ निघत होती.

"तिला कळलं का?" ह्यांनी विचारलं.

फर्गसने विचार केला. ज्याला खोटं बोलायचं नाही अशा माणसासारखा. "आवाज तिच्यापर्यंत पोचायच्या आत संपलं होतं," तो म्हणाला.

हे तिच्याजवळ थोडा वेळ उकिडवे बसले. प्रार्थना वगैरे काही केली नाही, मी विचारलं होतं. नुसता बसलो, म्हणाले.

तिथून पुढे दलदल आहे, गाडी येत नाही. कच्च्या रस्त्यापर्यंत अर्धा मैल हरीण दोराने ओढत आणावं लागतं. फर्गसचा जोडीदार त्या दिवशी आजारी होता. फर्गस ह्यांना म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आणतो सावकाश. ह्यांनी दोराचं दुसरं टोक उचललं.

मी ते मोरॅगच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. ढग खाली उतरले होते आणि पाऊस भुरभुरत होता. उतारावरून दोन माणसं येत होती, खांद्यावरून दोर घेतलेली, आणि त्यांच्यामागे तपकिरी असं काहीतरी हेदरच्या झुडपांवरून सरकत होतं. मध्येच दोघं थांबत, उभ्या उभ्या दम खात, पुन्हा चालू लागत. मी काचेवरची वाफ पदराने पुसली. दोघेही सारखेच पुढे वाकलेले, सारखेच जपून पाऊल टाकत होते. त्यांतला कृत्रिम पाय कुणाचा, ते मला तेवढ्या अंतरावरून ओळखता येईना.